वाचून दाखवली, बरोबर आहे

साहेब म्हणाले, "पूर्णविराम," आणि मी पूर्णविराम दिला. बुधवार होता, जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटं उरली होती, आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात लॉन्ड्रीतली बाई उजवा हात पिशवीमागे धरून उभी होती. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी जिथे ढिगांनी धुतल्या जातात अशा लॉन्ड्रीत ती सोळा वर्षं कामाला होती. तिथल्या प्रेस मशीनच्या दोन तापलेल्या रोलरांमध्ये तिचा तो हात गेला होता, आणि मालकाचं म्हणणं होतं की चूक सगळी तिचीच. मालकाच्या वकिलांनी तिला विचारलं, "मशीन चालू असताना तुम्ही हात आत घातला, हे खरं ना?" ती म्हणाली, "घातला की. चादर अडकली होती. पण त्याच्या आधी बंद करायचं बटण दाबलं होतं. लाल बटण. ते दाबलं तरी मशीन थांबलंच नाही, त्या आठवड्यात तिसऱ्यांदा." हे ती भिंतीवरच्या पंख्याकडे बघत, घाईघाईत म्हणाली. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे न बघता सांगितलं, "मशीन चालू असताना मी हात आत घातला, हे खरे आहे. पूर्णविराम." माझी बोटं चालली. बोटांना विचारायची पद्धत नाही. साक्षीदार जे बोलतो ते थेट कागदावर जात नसतं. ते आधी साहेबांच्या कानात जातं, तिथे त्याची घडी घातली जाते, आणि ती घडी साहेब माझ्या हातात देतात तशी मी ठेवते. शेवटी मी एक बटण दाबलं. त्या बटणावर मी एक वाक्य बसवून ठेवलं आहे, रोज लागतं म्हणून: 'साक्षीदारास साक्ष वाचून दाखवली, बरोबर असल्याचे मान्य केले.' प्रिंट निघाली. बेंच क्लार्कने ती बाईपुढे सरकवली आणि बोटाने जागा दाखवली. बाईने डाव्या हातात पेन धरलं. उजवा पिशवीमागेच होता. तिने क्लार्कला विचारलं, "काय लिहिलंय?" क्लार्क म्हणाला, "तुम्ही बोललात तेच. करा सही, लोक खोळंबलेत." मग ती माझ्याकडे वळली. का कोण जाणे, मी बाई म्हणून असेल. "तेच लिहिलंय ना हो, ताई?" आणि मी मान हलवली. होय अशी.

सुट्टीत मी डबा उघडला आणि बंद केला. राग आला होता, पण तो काही फार थोर राग नव्हता. पहिल्यांदा तो त्या बाईचाच आला. वाचता येत होतं की तिला, सहीच्या आधी नाव तिने सुटं सुटं लिहिलं होतं. मग दोन ओळी वाचायला काय झालं होतं? मला कशाला विचारलं? मी कोण? मग क्लार्कचा आला, त्याच्या त्या जागा दाखवणाऱ्या बोटाचा. मग साहेबांचा, आणि त्यांचा आला तेव्हा मी घाबरले, कारण साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी मला त्यांची पुस्तकं वापरायला दिली आहेत, समासात त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा असलेली. परीक्षेला बसते म्हटल्यावर इतर कर्मचारी तोंडावर हात ठेवून हसले होते, साहेब हसले नव्हते. "बसा. तुम्ही बसायलाच हवं," असं म्हणाले होते. माझा अर्ज त्यांच्या टेबलावर डावीकडच्या फायलीत होता. कोर्टातल्या नोकराला न्यायाधीशाच्या परीक्षेचा अर्ज खात्यामार्फतच पाठवावा लागतो, त्यावर साहेबांची ना-हरकत लागते. शेवटची तारीख पुढचा शुक्रवार, पाच वाजेपर्यंत. वयाच्या हिशेबाने माझी ही शेवटची संधी. पुढच्या वर्षी मी कितीही हुशार असले तरी त्या परीक्षेच्या दृष्टीने मेलेली असणार. आणि याच आठवड्यात ही बाई हात घेऊन आली होती.

त्या दिवशी संध्याकाळी क्लासमध्ये पुरावा कायद्याची चाचणी होती. आठ-दहा जण असतात, बहुतेक माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. ते मला मागच्या बाकावर आदराने जागा ठेवतात, आणि तो आदर मला चपलेतल्या खड्यासारखा टोचतो. सरांनी फळ्यावर प्रश्न लिहिला: साक्ष नोंदवण्याची पद्धत सांगा. मी हसले असणार, कारण पुढची मुलगी मागे वळून बघत होती. मग मी लिहायला लागले. लिहिलं, की साक्षीदाराचे म्हणणे शक्य तितके त्याच्याच शब्दांत यावे. लिहिलं, की साक्ष पूर्ण झाल्यावर ती त्याला वाचून दाखवणे आवश्यक, त्याने दुरुस्ती सुचवल्यास ती नोंदवणे आवश्यक, कारण सही ही समजून केलेली असावी, सांगून करवून घेतलेली नसावी. अक्षर इतकं सुंदर येत होतं की मलाच त्याची किळस आली. सरांनी माझं उत्तर सगळ्यांना वाचून दाखवलं. "बघा," ते म्हणाले, "हे अनुभवाने येतं. या रोज कोर्टात बसतात." दहापैकी नऊ मार्क. मी कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि रस्त्याने चालत सुटले, बस न घेता. दुकानांच्या काचांमधून माझं प्रतिबिंब माझ्याबरोबर चाललं होतं, जरा मागे, नोकरासारखं. अकरा वर्षं मी साहेबांच्या बुटांच्या उंचीवर बसले आहे. न्यायासन उंच असतं, माझं टेबल त्याच्या पायाशी. अकरा वर्षांत सात साहेब बदलले, म्हणजे बुटांचे सात जोड: एक सतत हलणारा, एक टाच काढून बसणारा, एक इतका चकचकीत की त्यात मला माझा टाइपरायटर दिसायचा, तेव्हा टाइपरायटर होता. वर बघून बघून मान आखडते. मान वर करायला लागू नये, एवढ्यासाठीच मी न्यायाधीश व्हायचं ठरवलं असेल, तर ते कारण काही अर्जावर लिहिता येत नाही. अकरा वर्षांच्या साक्षी मी मनातल्या मनात मोजू लागले आणि थांबले. प्रत्येकीच्या शेवटी माझं ते वाक्य. प्रत्येकाला वाचून दाखवली, बरोबर आहे. किती जणांना मी खरंच वाचून दाखवली होती? एकदा एका आंधळ्या म्हाताऱ्याला, त्याच्या कानाशी वाकून, तीही वकिलांनी हट्ट धरला म्हणून.

घरी बाबा जेवायचे थांबले होते. बाबा त्याच कोर्टात पुकारा द्यायचे. तेहतीस वर्षं दारात उभं राहून लोकांची नावं मोठ्याने पुकारली, आणि निवृत्त झाल्यावर घरात इतके हळू बोलायला लागले की आई असताना ती म्हणायची, सगळा आवाज तिकडेच संपवून आले. ताट वाढता वाढता मी त्यांना बाईचं सगळं सांगितलं. ते ऐकत होते, जेवत होते. मी म्हटलं, "मी उद्या साहेबांना सांगणार आहे."

"काय सांगणार?"

"वाक्य राहिलं म्हणून."

"राहिलं नाही. त्यांनी घेतलं नाही. दोन्हींत फरक आहे," बाबा म्हणाले. "तुझा अर्ज त्यांच्याकडे आहे ना?"

"आहे."

"मग झालं तर. आधी अर्ज सुटू दे. खुर्चीवर बैस, मग सगळ्या जगाच्या साक्षी शब्दाला शब्द लिहून घे. आत्ता तुझं काम टाइप करायचं."

"आणि त्या बाईचं?"

तेव्हा बाबांनी हात धुतले, परत येऊन बसले, आणि माझी समजूत घालायची म्हणून एक गोष्ट सांगितली. मी लहान असताना एका भाडेकरूचा दावा होता. तारखेच्या दिवशी शिरस्तेदाराने बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, आज याचं नाव जरा हळू घे. तो माणूस जिन्याखाली पाणी प्यायला गेला होता. बाबांनी तीन वेळा नाव पुकारलं, नियमाप्रमाणे तीन वेळा, पण खोलीतल्या खोलीत ऐकू जाईल असं. दावा गैरहजेरीत निकाली निघाला. तो माणूस तोंड पुसत वर आला तेव्हा पुढचं प्रकरण चालू झालं होतं. "मला म्हणाला, 'हाक आली नाही हो.' मी म्हटलं, 'तीनदा दिली.' खोटं नव्हतं," बाबा म्हणाले. "मला त्यातून एक दमडी मिळाली नाही. वरून सांगितलं, केलं. आपण नोकर माणसं. मनाला लावून घ्यायचं नसतं, एवढंच सांगतोय तुला." ते इतक्या मायेने बोलत होते! माझ्या पाठीवरून हात फिरवायलाही पुढे झाले होते. मी ताट उचललं आणि मोरीत आपटलं. "त्याचं घर गेलं असेल, बाबा!" मी ओरडले. "असेल," ते म्हणाले. "तो कुठे गेला, पुढे काय झालं, काही कळलं?" "कसं कळणार? पुढची तारीखच नव्हती त्याला." पुढे तीन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. एका घरात, दोन खोल्यांत, न बोलता राहायला फार मेहनत लागते. चहाचा कपसुद्धा आवाज न करता ठेवावा लागतो, नाहीतर तेच बोलणं होतं. मला त्यांचा राग होता आणि त्या रागाखाली आणखी एक होता: ते मला जे सांगत होते ते मी त्याच दिवशी करून आले होते. त्यांनी नाव हळू घेतलं, मी मान हलवली. बापाचा व्यवसाय पुढे चालवणं म्हणतात ते हेच असावं.

गुरुवारी कोर्ट सुरू व्हायच्या आधी मी साहेबांच्या चेंबरमध्ये गेले. ते पाण्याबरोबर गोळी घेत होते. मी उभ्या उभ्या सांगितलं. माझ्या डावीकडे नेहमी एक वही असते, साहेब सांगतात ते टाइप करता करता मधल्या वेळात साक्षीदाराचं बोलणं मी तिच्यात लघुलिपीत घेत असते, हाताचा वेग राहावा म्हणून; ती वहीसुद्धा नेली होती. साहेबांनी ऐकून घेतलं. "बसा," म्हणाले. मी बसले नाही. "हे बघा बाई, साक्ष म्हणजे ध्वनिमुद्रण नव्हे. सार घ्यायचं असतं. काय महत्त्वाचं ते ठरवायचं काम माझं आहे."

"लाल बटणाचं महत्त्वाचं आहे, साहेब. सगळा दावाच त्यावर आहे."

"तिच्या वकिलांनी हरकत घेतली का?"

"त्यांचं लक्ष नव्हतं. ते मोबाईल बघत होते."

"मग त्यांचं लक्ष नाही, तुमचं आहे. तुम्ही तिच्या वकील आहात का?" हे ते रागावून म्हणाले नाहीत, समजावून म्हणाले, आणि तेच मला सहन झालं नाही. "दिवसाला साठ प्रकरणं येतात माझ्यापुढे. तुम्ही उद्या या खुर्चीवर बसाल तेव्हा कळेल." मी म्हटलं, "कळेल तेव्हा कळेल, पण तिची सही त्याच्यावर आहे, आणि वाचून दाखवल्याचं वाक्य माझं आहे." साहेबांनी गोळीचं पाकीट खणात टाकलं. खण जरा जोरात बंद झाला. "जा कामाला," ते म्हणाले. दारापाशी मी थांबले. मी थांबायला नको होतं, पण थांबले. "आणि साहेब, माझा अर्ज?" ते फायलीत बघत म्हणाले, "बघू."

बघू. या एका शब्दावर माझे चार दिवस गेले. पहाटे उठून पुस्तक उघडायची आणि एकाच पानावर बसायची. कलमं डोळ्यांपुढून जायची, त्यांतला एकही शब्द आत उतरायचा नाही. मला कळत होतं की साहेबांनी मला धमकी दिलेली नाही. कदाचित ते खरंच बघणार होते. पण माझं आयुष्य कुणाच्या तरी 'बघू'मध्ये ठेवलेलं आहे, आणि ते तिथे असल्यामुळे मी गप्प बसणार आहे, आणि मी गप्प बसणार हे न सांगता सगळ्यांना ठाऊक आहे, क्लार्कला, बाबांना, चेंबरबाहेरच्या शिपायालासुद्धा, या विचाराने माझ्या कानशिलांत ठोके पडायचे. दुसऱ्या कुणाकडे जायची सोय नव्हती. बाईच्या वकिलांना जाऊन सांगणं म्हणजे कोर्टाच्या नोकराने एका पक्षाला फितूर होणं; तसं केलं असतं तर मी नोकरीतून गेले असते, आणि बरोबरच झालं असतं. मंगळवारी सकाळी मी एक टिपण टाइप केलं. साहेबांच्याच नावाने. अमुक तारखेच्या साक्षीत साक्षीदाराचे पुढील म्हणणे नोंदवायचे राहिले आहे, माझ्या वहीतील नोंदीप्रमाणे ते असे: 'मी बंद करायचे लाल बटण दाबले होते, ते दाबले तरी मशीन थांबले नाही, त्या आठवड्यात तिसऱ्यांदा.' तसेच साक्ष वाचून दाखवल्याची नोंद माझ्याकडून सवयीने झाली आहे, प्रत्यक्षात साक्ष वाचून दाखवलेली नाही. खाली सही. हे मी साहेबांच्या हातात दिलं नाही. आवक खिडकीवर नेलं. आवकच्या बाईंनी ते वाचलं, चष्मा काढला, परत वाचलं. "नक्की ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "शिक्का मारा." एकदा आवक क्रमांक पडला की कागद खणात जात नाही, फायलीत जातो, वरच्या तपासणीत दिसतो. त्यांनी शिक्का मारला आणि आपल्या हातावर फुंकर घातली, जणू भाजलं.

दुपारी साहेबांनी सगळ्यांसमोर नेहमीसारखं काम केलं. माझ्याशी एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. संध्याकाळी मात्र आदेश सांगितला: साक्षीदारास शुक्रवारी पुन्हा बोलवावे. त्यांचा आवाज सपाट होता. बूट मात्र टेबलाखाली एकमेकांवर घासत होते, ते फक्त मला दिसलं. बुधवार गेला, गुरुवार गेला. अर्ज डावीकडच्या फायलीत होता तसाच. मधल्या वेळात क्लार्क माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "बाई, तुम्हाला कुणी सांगितलं होतं ही उठाठेव? आता घ्या, परीक्षा गेली हातची." मी त्याला म्हटलं, "तुम्हाला आनंद झालाय का?" तो म्हणाला, "नाही हो, आनंद कसला," आणि खरंच त्याला झालेला नव्हता. त्याचाही राग आला. निदान आनंद तरी व्हायला हवा होता.

शुक्रवारी बाई आली ती घाबरूनच. परत बोलावलं म्हणजे आपलंच काही चुकलं, असं तिला वाटलं असणार. दोन्ही वकील उभे राहिले. साहेब म्हणाले, "स्टेनोबाई, तुमच्या टिपणातलं वाक्य साक्षीदाराला वाचून दाखवा. मोठ्याने." मी उभी राहिले. अकरा वर्षांत त्या खोलीत मी कधी मोठ्याने बोलले नव्हते. माझा आवाज मला अनोळखी वाटला, जाड, बाबांच्या वळणाचा. मी वाचलं, "मी बंद करायचे लाल बटण दाबले होते, ते दाबले तरी मशीन..."

"मी नाही," बाई म्हणाली.

साहेब म्हणाले, "काय?"

"मी नाही दाबलं बटण. ते पलीकडच्या अंगाला असतं, माझा हात पोचत नाही तिथे. जोडीदारणीने दाबलं. ती ओरडली, 'दाबलं गं,' म्हणून मी हात घातला. मी दाबलं असं मी म्हटलंच नव्हतं."

मालकाचे वकील हसले. मोठ्याने नाही, नाकातून. बटण तिने स्वतः दाबलं नव्हतं, दाबताना पाहिलंही नव्हतं; पुरावा म्हणून आता फक्त कुणीतरी ओरडल्याचं ऐकणं उरलं होतं. माझ्या डोक्यात रक्त चढलं. गप्प बसायचं होतंस, मी मनात किंचाळले, एवढं एक वाक्य 'हो' म्हणायला काय जात होतं? तुझ्यासाठी मी काय घालवून बसले आहे! पाच वाजता माझी परीक्षा मरते आहे आणि तू 'मी' वरून भांडतेस! मग मी वही उघडली. बुधवारचं पान, माझ्याच लघुलिपीच्या रेघा. 'बंद करायचं बटण दाबलं होतं.' त्यात 'मी' नव्हता. 'मी' कुठेच नव्हता. तो मी घातला होता, मंगळवारी, टाइप करताना, वाक्य जरा नीट दिसावं म्हणून, तिची बाजू भक्कम व्हावी म्हणून, किंवा काहीच म्हणून नाही, नुसती घडी पडावी तशी. कान तापले. साहेब माझ्याकडे बघत होते. अकरा वर्षांत प्रथमच कुठलातरी साहेब तिथून खाली वाकून माझ्याकडे बघत होता, आणि त्यांनी आत्ता काही बोलायचं ठरवलं असतं तर मी कायमची संपले असते. ते म्हणाले, "साक्षीदाराच्या शब्दांत घ्या. ती सांगेल तसं." आणि बाईला म्हणाले, "सावकाश सांगा. घाई नाही." ती सांगत गेली, मी घेत गेले: पलीकडचं अंग, न पोचणारा हात, 'दाबलं गं'. ओळीमागून ओळ मी तिला वाचून दाखवली. दोन ठिकाणी तिने दुरुस्ती केली, दोन्ही अगदी क्षुल्लक, चादर होती की उशीची खोळ अशी. मग साहेबांनी आपणहून आदेश दिला, त्या जोडीदारणीला साक्षीसाठी समन्स काढा. तिचं नाव आजवर कुणीच कुठल्या कागदावर घातलं नव्हतं, दोन्ही वकिलांनी नाही. मालकाच्या वकिलांचं नाक बंद झालं.

साडेतीनला शिपाई बोलवायला आला. चेंबरमध्ये अर्ज टेबलाच्या मधोमध होता. साहेबांनी विचारलं, "तुमच्या टिपणात तो 'मी' कुठून आला?"

"माझ्याकडून आला, साहेब."

"हं." त्यांनी पेन उघडलं. "तुम्ही मला सगळ्यांपुढे उघडं पाडलंत. दोन दिवस थांबून पुन्हा माझ्याकडे यायचं होतं, खिडकीवर नव्हे. मला तुमचा राग आहे. तो जायचा नाही इतक्यात." हे बोलता बोलता त्यांनी अर्ज वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक स्पेलिंग दुरुस्त केलं, 'ना-हरकत, काम समाधानकारक' असं लिहिलं आणि सही केली. "राग या कागदावर नाही," ते म्हणाले. "जा. लिफ्टला वेळ लागतो, जिन्याने जा." मी आभार मानले नाहीत. जिना उतरताना मला वाटलं की आता माझा राग उतरेल, उतरायलाच हवा, माणसाने एवढं केलं. पण दुसऱ्या मजल्यावर येईपर्यंत तो दुप्पट झाला होता. साहेबांना हे येत होतं! राग एका बाजूला ठेवून कागद सरळ वाचणं, साक्षीदाराला 'सावकाश सांगा' म्हणणं, कुणी न मागता जोडीदारणीला बोलावणं, सगळं त्यांना येत होतं. त्यांना येत नसतं तर मी त्यांना माफ केलं असतं. त्यांच्याआधीच्या सहा जणांनाही येत असेल. आणि इतक्या वर्षांत घड्याळाकडे बघून पूर्णविराम दिलेले ते सगळे लोक आता कुठे असतील?

पाच वाजायला वीस मिनिटं असताना अर्ज पोचला. परीक्षा झाली, लेखीत मी पास झाले. दरम्यान मला साहेबांकडून काढून अभिलेख कक्षात टाकलं. कुणी काही म्हटलं नाही, नुसता बदलीचा कागद आला. जोडीदारणीची साक्ष झाली असं कळलं. तिने लॉन्ड्री सोडली होती, तरी आली, आणि बटण कसं आत रुतून बसायचं ते बोटाने दाखवलं म्हणे. निकाल अजून लागलेला नाही. बाबांशी मी बोलायला लागले होते. एक दिवस त्यांना विचारलं, त्या भाडेकरूचं नाव काय होतं. हजारो नावं घेतली होती त्यांनी, तेवढं एकच आठवेना, आणि त्यांचे डोळे भरून आले तेव्हा मी तिथून उठून गेले नाही, पण हातही धरला नाही.

तोंडी परीक्षेला तीन जण होते. दोघांनी कलमं विचारली. मधले गृहस्थ माझा गोपनीय अहवाल चाळत होते. त्यात काय लिहिलंय ते मला त्यांच्या भुवयांवरून समजत होतं. शेवटी त्यांनी विचारलं, "न्यायाधीशाला शोभणार नाही असा तुमच्या स्वभावातला एक दोष सांगा."

"मला राग फार येतो," मी म्हटलं.

डावीकडचे हसले. त्यांना वाटलं, मी गंमत करते आहे, किंवा क्लासमध्ये शिकवलेलं काहीतरी गोड उत्तर आता येणार. मधले हसले नाहीत. "कुणाचा?"

"हे आधी कळत नाही. पहिल्यांदा जो समोर असतो त्याचा येतो. मग बघावं लागतं."

"आणि बघितल्यावर जातो?"

मी खरं काय ते आठवायचा प्रयत्न केला. बाहेर पुढचा उमेदवार खोकत होता. "नाही," मी म्हटलं. "जात नाही."

ते काहीतरी लिहू लागले. मी टेबलाच्या या बाजूने, उलट दिसणारी त्यांची अक्षरं वाचायला मान पुढे केली, उघड उघड, आणि त्यांनीही कागद झाकला नाही.